घड्याळाची साक्ष

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमात ‘संगणक आणि विद्यार्थी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. पूर्वी कधीतरी एम. एस. सी. आय. टी. चा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली माझ्या हाती आली आणि किल्लीमागून जबाबदारीही आली. तेव्हा मी आज जे सांगणार आहे ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर चूक करून शहाणा झालेला एक शिक्षक म्हणून सांगणार आहे.

विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातली एकच लहानशी गोष्ट निवडली आहे. ती म्हणजे संगणकातील घड्याळ. संगणक हिशेबात चुकत नाही असे आपण सर्वजण धरून चालतो. पण त्याच संगणकाचे घड्याळ चुकीची वेळ सांगत असेल आणि त्याच घड्याळाने आपल्याला एखादे काम मोजावयाचे असेल, तर काय करावे?

गोष्ट अशी घडली. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या नववीतील एका मुलाने एक प्रकल्प घेतला होता. दहा हजार आकडे उलटसुलट पडलेले आहेत, ते लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावावयाचे. ते लावण्याच्या दोन रीती त्याने पायथॉन या भाषेत लिहिल्या आणि कोणती रीत किती वेळ घेते ते मोजावयाचे ठरविले.

पालकांसाठी थोडे स्पष्ट करतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हजेरी क्रमांकाप्रमाणे लावावयाचा आहे असे समजा. पहिली रीत म्हणजे शेजारशेजारच्या दोन उत्तरपत्रिका पाहावयाच्या, क्रम उलटा असेल तर अदलाबदल करावयाची आणि गठ्ठा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयाची. दुसरी रीत म्हणजे गठ्ठ्याचे दोन भाग, त्या भागांचे पुन्हा दोन भाग असे करीत जावयाचे आणि मग लावलेले लहान गठ्ठे एकमेकांत मिसळत आणावयाचे. दहा हजार आकड्यांना पहिल्या रीतीने जवळजवळ पाच कोटी तुलना कराव्या लागतात. दुसरीने सुमारे सव्वा लाखात काम भागते. कागदावरचा हा फरक प्रत्यक्षात किती दिसतो, हे त्या मुलाला पाहावयाचे होते. मोजण्याची पद्धत साधी होती. कामाच्या आधी संगणकाला ‘किती वाजले’ म्हणून विचारावयाचे, काम झाल्यावर पुन्हा विचारावयाचे आणि वजाबाकी करावयाची.

त्याने वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या रीतीचे चार आकडे होते: १२.४ सेकंद, ११.९ सेकंद, उणे २६८ सेकंद, १२.३ सेकंद.

मी काय केले असेल? त्या उणे २६८ वर लाल शाईने गोल काढला आणि म्हणालो, “अरे, वेळ कधी शून्याच्या खाली जाते का? काम सुरू होण्याच्या आधीच संपले की काय? नीट बघून लिही.” वर्गात हशा पिकला. मुलगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा तो आकडा खोडलेला होता आणि त्या जागी १२.१ लिहिलेले होते. मी समाधानाने सही केली.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मी संध्याकाळी कक्षात एकटाच बसलो होतो. मुलाचा कार्यक्रम चालवून पाहावा म्हणून सुरू केला आणि काही माहिती शोधण्यासाठी माझ्या मोबाइलवरून त्या संगणकाला इंटरनेट जोडले. पडद्यावर उत्तर आले, त्याच्या आधी उण्याचे चिन्ह होते. मी डोळे चोळून पुन्हा पाहिले. चिन्ह तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बाजूला घेतले आणि विचारले, “ते १२.१ कुठून आणलेस?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, अलीकडचा आकडा आणि पलीकडचा आकडा घेतला आणि त्यांच्या मधला लिहिला.” पालकहो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मुलाने जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले होते. मी शिक्षक असून त्याला ते खोडावयास लावले आणि त्या जागी बनावट आकडा लिहावयास शिकविले. वर त्याच्यावर सहीही केली.

आता कारण ऐका. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवण्यासाठी आत एक नाण्याएवढा सेल असतो. आमच्या त्या जुन्या संगणकाचा सेल केव्हाच संपला होता. त्यामुळे रोज सकाळी आमचे शिपाई चाचा कचेरीतले भिंतीवरचे घड्याळ पाहून संगणकात वेळ भरत असत. आणि कचेरीतले घड्याळ तर, आपणा सर्वांना ठाऊकच आहे, मुद्दाम पाच मिनिटे पुढे ठेवलेले असते. हेतू चांगला, कोणाला उशीर होऊ नये हा. त्या दिवशी संगणकाचे घड्याळ ४ मिनिटे ४० सेकंद, म्हणजे २८० सेकंद पुढे असावे. कार्यक्रम चालू असतानाच इंटरनेट जोडले गेले, संगणकाने बाहेरून खरी वेळ विचारली आणि आपले काटे एकदम २८० सेकंद मागे घेतले. काम झाले १२ सेकंदांचे. १२ मधून २८० वजा करा, उणे २६८ येतात. मुलाचे उत्तर बरोबर होते. चुकले होते ते आमचे गृहीत.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ते उणे चिन्ह आपला मित्र होते. त्याने ओरडून सांगितले की येथे काहीतरी बिघडले आहे. समजा घड्याळ २८० ऐवजी फक्त ५ सेकंद पुढे असते, तर उत्तर ७ सेकंद आले असते. मग मी काय म्हटले असते? “शाब्बास, तुझा कार्यक्रम वेगवान झाला!” असे म्हणून पाठ थोपटली असती. उघड चुकीपेक्षा बेताची चूक अधिक घातक, कारण तिचा कोणाला संशयच येत नाही.

आता कोणी विचारील की संगणकाचे घड्याळ मुळात चुकतेच का? त्याच्या पोटात, तुमच्या मनगटी घड्याळात असतो तसाच, क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करीत गेलात की बरोबर एक उरतो, म्हणून ती निवडलेली आहे. पण प्रत्येक स्फटिक तंतोतंत तेवढाच कंप पावत नाही, आणि उष्णतेनेही त्यात फरक पडतो. दहा लाखांत वीस भागांची चूक ही अशा साध्या स्फटिकाच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. ऐकावयास ती क्षुल्लक वाटते, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोज पावणेदोन सेकंदांच्या आसपास आणि महिन्याला सुमारे पन्नास सेकंद फरक पडतो.

म्हणून जगातील संगणक आपली घड्याळे एकमेकांशी लावून घेतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास यासाठी एक पद्धत घालून दिली, तिला एन. टी. पी. म्हणतात. मिल्स यांचे २०२४ मध्ये निधन झाले, परंतु त्यांची पद्धत आजही जगभर चालू आहे. घड्याळ सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. फरक थोडा असेल तर घड्याळाची चाल किंचित मंद किंवा जलद करून ते हळूहळू ठिकाणावर आणावयाचे. मिल्स यांच्या कार्यक्रमात ही चाल बदलण्याची मर्यादा दोन हजारांत एक भाग एवढीच आहे. पण फरक त्याहून मोठा, तिथे ०.१२८ सेकंदांच्या वर, गेला आणि तसाच टिकून राहिला तर काटे एकदम उडी मारून पुढे किंवा मागे जातात. अशी उडी मोजणी चालू असताना आली की आमच्यासारखी फजिती होते.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे येथे मला जुन्या मुंबईची आठवण होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. समजा, एखादा गृहस्थ शहराच्या घड्याळात आठ वाजता मुंबईहून निघाला आणि प्रमाणवेळेच्या घड्याळात बारा वाजता पुण्यास उतरला. वजाबाकी केली तर प्रवास चार तासांचा, प्रत्यक्षात मात्र तीन तास एकवीस मिनिटांचा. गाडी वेगळी नाही, प्रवासीही खोटे बोलत नाही. सुरुवात एका घड्याळाने आणि शेवट दुसऱ्या घड्याळाने मोजला, एवढेच. मोजणीच्या मध्येच ज्याचे काटे फिरविले गेले, ते घड्याळही एका अर्थाने दोन घड्याळेच होत.

हे फक्त आमच्यासारख्या शाळेत जुन्या यंत्रांमुळे होते असे कोणी समजू नये. पृथ्वीचे फिरणे आणि अणुघड्याळे यांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जगाच्या वेळेत २७ वेळा एकेक जादा सेकंद घालण्यात आला. त्यांतला शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या ठोक्याला आला. त्या वेळी क्लाउडफ्लेअर या मोठ्या इंटरनेट कंपनीचा एक कार्यक्रम बिघडला. तो कार्यक्रम करीत काय होता? अनेक सर्व्हरांपैकी कोण लवकर उत्तर देतो हे सतत मोजून त्यांतला चांगला निवडत होता. म्हणजे आमच्या मुलाचेच काम! जादा सेकंदाच्या वेळी घड्याळ मागे गेले, वजाबाकी ऋण आली आणि वेळ शून्यापेक्षा कमी होऊच शकत नाही असे धरून लिहिलेला तो कार्यक्रम काही ठिकाणी कोलमडला. त्यांच्या नावे शोधण्याच्या सेवेकडे आलेल्या विचारणांपैकी अगदी वाईट क्षणी सुमारे ०.२ टक्के विचारणांना त्याचा फटका बसला. ही सर्व हकीकत कंपनीने स्वतःच जाहीर केली. जगातील नामांकित इंजिनिअरांनी जे गृहीत धरले, तेच गृहीत धरून मी लाल शाई वापरली होती. फरक एवढाच की त्यांनी आपली चूक लपविली नाही आणि मी एका मुलाकडून खरा आकडा लपवून घेतला. पुढे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने असा ठराव केला की २०३५ पर्यंत किंवा त्याआधी ही जादा सेकंदाची पद्धत बदलावी. पण काटे मागेपुढे होण्याची इतर कारणे राहणारच आहेत.

मग उपाय कोणता? उपाय असा की ‘किती वाजले’ आणि ‘किती वेळ गेला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे ओळखावयाचे. पहिल्यासाठी भिंतीवरचे घड्याळ, दुसऱ्यासाठी शर्यतीतले थांबघड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच. संगणकात दोन्ही असतात. दुसऱ्या प्रकारच्या घड्याळाला मोनोटॉनिक म्हणतात. ते तारीख सांगत नाही, किती वाजले तेही सांगत नाही, फक्त पुढे पुढे मोजत जाते आणि कधीही मागे येत नाही. पायथॉनमध्ये २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून ‘परफ काउंटर’ या नावाची सोय आहे. जावामध्ये ‘नॅनो टाइम’ आहे. गो या भाषेत तर २०१७ साली, वर सांगितलेल्या प्रसंगानंतर, साध्या वेळेबरोबरच ही मोजणीही आपोआप नोंदली जाऊ लागली. आमच्या मुलाच्या कार्यक्रमात एक शब्द बदलावा लागला आणि उणे चिन्ह कायमचे गेले. चाचांनी वेळ कशीही भरली तरी या घड्याळाला त्याचे सोयरसुतक नसते.

तथापि या घड्याळाच्याही मर्यादा आहेत. त्याचा शून्य कुठला हे ठरलेले नसते, म्हणून एका संगणकावरचा त्याचा आकडा दुसऱ्या संगणकावरच्या आकड्यातून वजा करू नये. शिवाय तेही क्वार्ट्‌झवरच चालते, म्हणून अगदी निर्दोष नसते. पण चूक किती हे मोजून पाहा. दहा लाखांत वीस भाग धरले तर बारा सेकंदांत एका मिलिसेकंदाच्या पावभागाएवढीसुद्धा चूक होत नाही. चाल दोन हजारांत एक भागाने बदललेली असली तरी बारा सेकंदांत सहा मिलिसेकंद. दोन रीतींत दुपटीचा फरक आहे की नाही हे पाहणाऱ्याने एवढ्याची चिंता करू नये. प्रत्येक चुकीला घाबरावयाचे नसते. आपल्या प्रश्नाच्या मानाने ती केवढी आहे हे पाहावयाचे असते.

त्या वहीत आणखी एक कोडे होते. दुसऱ्या, म्हणजे गठ्ठे मिसळण्याच्या रीतीचे आकडे पुन्हा पुन्हा तेच येत होते: ०.०४६९, ०.०६२५, पुन्हा ०.०६२५, मग ०.०७८१. मधला आकडा एकही नाही. याचे कारण असे की विंडोजमधील ते साधे घड्याळ बऱ्याच काळापर्यंत सेकंदाला ६४ टोल्यांनी पुढे सरकत असे. एक टोला म्हणजे सुमारे ०.०१५६ सेकंद. वरचे आकडे म्हणजे तीन, चार आणि पाच टोले. मीटर-मीटरवर खुणा असलेल्या काठीने पेन्सिलीची लांबी मोजण्यासारखेच हे झाले. चार टोल्यांच्या कामात एका टोल्याची चूक म्हणजे पंचवीस टक्के चूक! अशा वेळी काम एकदाच न करता शंभर वेळा करावे, एकूण वेळ घ्यावा आणि शंभराने भागावे. एक कागद किती जाड आहे हे कळत नसेल तर शंभर कागदांचा गठ्ठा मोजावा, तसेच हे.

या अनुभवातून आम्ही संगणक कक्षात काही नियम लावले. तेच येथे सांगतो.

एक, वेळ मोजण्यासाठी तारखेचे घड्याळ वापरू नये.

दोन, मोजण्याआधी घड्याळालाच मोजावे. त्याला लागोपाठ वेळ विचारीत जावे आणि दोन वेगळ्या उत्तरांत कमीत कमी किती अंतर पडते ते पाहावे. त्या अंतरापेक्षा काम किमान शंभरपट मोठे असावे.

तीन, एकाच मोजणीवर विसंबू नये. निदान दहा वेळा मोजावे. मध्ये दुसरे काम आले, यंत्र तापले, लॅपटॉप बॅटरीवर चालू असला, तर वेळ वाढतो. असे अडथळे वेळ वाढवितात, कमी करीत नाहीत, म्हणून घड्याळ शाबूत असेल तर सर्वांत लहान आकडा बहुधा खऱ्याच्या जवळ असतो. पण लिहावयाचे मात्र सर्व आकडे.

चार, दोन रीतींची तुलना करताना आधी एकीच्या सगळ्या फेऱ्या आणि मग दुसरीच्या, असे करू नये. एकाआड एक घ्याव्यात. म्हणजे यंत्र तापले किंवा घड्याळाची चाल बदलली तरी अन्याय दोघींवर सारखाच होतो.

पाच, बाहेरचा साक्षीदार घ्यावा. आम्ही दहा हजारांऐवजी वीस हजार आकडे घेतले. पहिल्या रीतीत आकडे दुप्पट झाले की तुलना चौपट होतात. संगणक म्हणाला ४९ सेकंद. माझ्या हातातील घड्याळ म्हणाले ४९ सेकंद. बाराची चौपट अठ्ठेचाळीस. तीन साक्षीदार जुळले, तेव्हा आम्ही विश्वास ठेवला.

सहा, आणि हा नियम सर्वांत महत्त्वाचा, विचित्र आकडा खोडू नये. त्याच्याभोवती चौकट करावी, शेजारी दिवस आणि वेळ लिहावी आणि कारण शोधावे. कारण सापडले नाही तर ‘कारण कळले नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलाची माफी मागितली. कोणी हसले नाही. तक्त्यावर आम्ही नवे आकडे लावले: पहिली रीत १२.२ सेकंद, दुसरी रीत शंभर फेऱ्यांचे ५.६ सेकंद, म्हणजे एका फेरीला ०.०५६. फरक दोनशेपटीहून अधिक. आणि त्यांच्याखाली, चौकटीत, लाल नव्हे तर काळ्या शाईने, उणे २६८ हा आकडा आणि त्याची हकीकत. बक्षीस मिळाले नाही. पण एक परीक्षक त्या चौकटीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मुलाला एवढेच म्हणाले, “हा आकडा ठेवलात हे चांगले केलेत.” त्या मुलाचे अब्बा मागे उभे होते. ते रिक्षा चालवितात. ते मला म्हणाले, “सर, आमच्या मीटरचंही असंच असतं. मीटर आधी तपासावं लागतं, मग भाडं.” मी इतका वेळ घेऊन जे सांगितले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

पालक बंधु-भगिनींनो, आपली मुले उद्या मोठमोठ्या कचेऱ्यांतून आकडे मोजतील, त्यांच्या आकड्यांवर कोणाचे औषध, कोणाचा पगार, कोणाचा निकाल अवलंबून राहील. घरी मुलाच्या वहीत अशक्य वाटणारा आकडा दिसला तर “मूर्खा, हे काय लिहिलेस” असे म्हणू नका. “हे कसे मोजलेस?” असे विचारा. पहिल्या वाक्याने मूल लपवावयास शिकते, दुसऱ्याने शोधावयास शिकते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. माझ्या सहीची ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

शेवटी एक बातमी देतो. संगणकाचा सेल आम्ही बदलला. कचेरीतले घड्याळ मात्र अजून पाच मिनिटे पुढेच आहे. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की तेवढ्याने शिक्षक वेळेवर येतात. तेव्हा त्या घड्याळाने शाळा भरवावी, वेळ मोजावयास मात्र दुसरे वापरावे.